मर्यादा माणसासाठी, यीस्टसाठी नव्हे



‘बुरशीनाशकाचे अंश मर्यादेत असतील तर वाइनला धोका नाही’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. कायद्याने ठरवलेली मर्यादा खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी असते; द्राक्षरसाची वाइन करणाऱ्या यीस्टला ती मानवेल की नाही, याचा विचार तिच्यात नसतो. आणि यीस्ट तर बुरशीच्याच कुळातले! भुरी रोगावरची टेब्युकोनॅझोलसारखी औषधे बुरशीत एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. यीस्टच्या पेशीपटलालाही तेच लागते.

गंधकाची तऱ्हा वेगळी. काढणीच्या तोंडावर फवारलेले गंधक रसात उतरले, की यीस्ट त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवते आणि टाकीचे झाकण उघडताच कुजक्या अंड्यांचा भपकारा येतो. १८८५मध्ये मिलार्दे यांनी केवडा रोगावर उपाय म्हणून मांडलेल्या बोर्डो मिश्रणातले तांबेही रसात जास्त झाले, तर किण्वन रेंगाळते.

व्हाइट वाइनचा रस आधी निवळून घेतात. गाळाबरोबर बराच अंश निघून जातो. रेड वाइन मात्र सालींसकट आंबते, म्हणून तिथे जोखीम अधिक.

अर्थात रखडलेल्या प्रत्येक टाकीचे खापर फवारणीवर फोडू नये. रसात नायट्रोजन कमी पडणे, टाकी तापणे हीही कारणे असतात. पण नेमके कारण शोधायचे तर वायनरीने माल घेताना साखरेबरोबर फवारणीची वहीही तपासावी आणि आम्ही बागायतदारांनी त्या वहीत शेवटच्या फवारणीची खरी तारीख लिहावी.

– एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी (जि. नाशिक)