खणाचे जाकीट आणि मागाचा पन्हा

लग्नसराईत कुठल्याही मांडवात एक फेरी मारून बघा. नवरदेवाला खणाचे जाकीट, करवलीला खणाची साडी, कुणाच्या खांद्याला खणाची पर्स. आपल्या आज्यांनी जो खण चोळीला आणि ओटीला वापरला, तो आता कोटापर्यंत पोचलाय. शहरातले डिझायनर विणकरांना सोबत घेऊन नव्या धर्तीचे कपडे काढतात, याचे कौतुकच आहे. पण मांडवातला सगळा खण हातमागाचा, अशी कुणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे.

खणाचे माहेर बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड. गाव कर्नाटकातले, पण गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडचे. तिथल्या अस्सल खणाचा उभा धागा रेशमी, आडवा सुती. नक्षी उठते ती जादा उभ्या धाग्यांतून. आणि पन्हा जेमतेम ३० इंचांच्या आसपास, दोन्ही कडांना काठ. चोळीला हे माप नेमके बसते. काठ दंडावर येतो, चिंधीसुद्धा वाया जात नाही.

खरी अडचण इथेच आहे. जाकीट बेतायला बसलेल्या शिंप्याला हा पन्हा अपुरा पडतो, काठ भलत्या जागी येतो, जोड द्यावे लागतात. मग दुकानदार सोपी वाट धरतो. यंत्रमागावरचे रुंद पॉलिस्टर कापड आणायचे, त्यावर खणाची नक्षी, पाटी मात्र ‘पारंपरिक खण’! स्वस्त पडते, खपतेही. खणाचे नाव गाजते आणि खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर तिथेच राहतो. यंत्रमाग वाईट असे आम्ही म्हणत नाही, सोलापूर-इचलकरंजीची चूल त्यावरच पेटते. पण एकाच्या नावावर दुसऱ्याचा माल खपवणे, हा धंदा नव्हे.

आमचे म्हणणे एवढेच, की कात्रीने मागाचे ऐकावे. आपली जुनी बंडी, कुडते, चोळी अरुंद कापडातूनच निघाली ना? कळ्या घालून, पट्ट्या जोडून. आयटीआयच्या शिवणवर्गात पोरींना ही बेतणी शिकवली तर गावातल्या शिलाई मशीनलाही काम मिळेल.

दुसरे, करार कागदावर हवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते, तरी जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानमध्ये तशाच चपला मिरवल्या, कोल्हापूरचे नावही न घेता. इकडून ओरड झाली तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. खणाच्या बाबतीत ओरडायची वेळ येईपर्यंत थांबायचे कशाला? मीटरमागे मजुरी किती, चिठ्ठीवर गावाचे नाव कुठे, हे कपडा बेतण्याआधीच ठरावे.

आणि तुम्ही, गिऱ्हाईक? ‘हँडलूम मार्क’ २००६ पासून आहे, तो मागा. कडेचे दोन-चार धागे, उभे आणि आडवे, उपसून काडी लावून बघा. सुताची राख होते, जळक्या कागदासारखा वास येतो. रेशमाला जळक्या केसांचा वास. वितळून कडक गोळी झाली तर ते पॉलिस्टर. तेवढा दरही मग तसाच लावायला सांगा.