रेंजला नावं ठेवण्याआधी आतला हौद बघा



परवा रात्री कांद्याच्या प्लॉटची मोटर पहाटेपर्यंत चालली. झोपण्याआधी मी इंग्रजी अक्षरांत 'प्लॉट २ ओनियन ऑफ' असा मेसेज टाकला होता. तो पोचलाही होता. सकाळी बघतो तर वाफे तुडुंब. कंट्रोलर बनवून देणारा म्हणाला, "दादा, रेंजचा प्रॉब्लेम."

मला पटेना. नुसतं 'ऑफ' पाठवलं की मोटर बंद व्हायची. लांब मेसेज कधी चालायचा, कधी नाही. रेंजला मेसेजची लांबी कशी कळणार?

मग भाच्याला घेऊन प्रोग्रॅम उघडला. आत आर्डुइनो ऊनो. जीएसएम मॉड्यूल त्याला ९६०० बॉडने अक्षरं पाठवतं, म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला एक. नळाखाली दोन तांबे ठेवलेत असं समजा. तांबा भरला की एक पोरगा तो मागच्या हौदात ओततो. हा पोरगा म्हणजे इंटरप्ट. हौद म्हणजे बफर, त्यात ६४ अक्षरं मावतात. त्यातून उपसायचं काम मुख्य प्रोग्रॅमचं.

आमचा प्रोग्रॅम मात्र दर फेरीला २ सेकंद डिले लावून झोपायचा. हौद भरतो ७० मिलिसेकंदांच्या आत! मेसेजच्या पुढं नंबर, तारीख, वेळ मिळून ५० च्या आसपास अक्षरं येतात. उरलेल्या जागेत 'प्लॉट २ ओनियन' बसलं आणि शेवटचं 'ऑफ' सांडलं.

दुसरी गोम डीएचटी२२ सेन्सरची. तो वाचताना बऱ्याच लायब्ऱ्या इंटरप्ट ५ एक मिलिसेकंद थांबवून ठेवतात. तेवढ्यात पाचेक अक्षरं येतात, तांबे दोनच. इथं हौद कितीही मोठा केला तरी उपयोग नाही, कारण ओतणारा पोरगाच अडकलाय.

तांब्यातून अक्षर सांडलं की चिप स्वतः त्याची खूण करून ठेवते. ती कुणी वाचतच नाही, म्हणून दोष रेंजवर.

आमच्याकडं आता डिले काढलाय, वेळ मिलिस फंक्शनने मोजतो, 'ऑफ' सगळ्यात आधी लिहितो. पण माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. मोटर बंद होणं एका मेसेजवर सोडूच नये. ठरलेली वेळ संपली की तिनं आपोआप थांबलं पाहिजे, मेसेज येवो न येवो. आणि कृषी सल्लागार मंडळींना विनंती, हुकलेलं रीडिंग 'हुकलं' असंच दिसू द्या. तिथं शून्य किंवा जुना आकडा आला, तर आम्ही त्यावर पाणी सोडतो.

नवीन कंट्रोलर घेताना किमतीच्या आधी एकच विचारा: "हा कामात असताना आलेला मेसेज कुठं जातो?" उत्तर देता आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.