विजया : अख्खी वनस्पती की एकच घटक?

मलकापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : सासऱ्यांच्या गुडघेदुखीसाठी ‘विजया’ तेल पोटात द्यावे काय?

विजया म्हणजे भांग. आयुर्वेदात ती शोधन करूनच वापरतात. जातीफलादी चूर्णात ती असते. अख्ख्या वनस्पतीत अनेक घटक एकत्र येतात, परंतु त्यांचे प्रमाण पिकागणिक बदलते. वेगळा काढलेला कॅनाबिडिऑल मात्र मिलिग्रॅममध्ये मोजून देता येतो. अमेरिकेत २०१८ साली त्याला मान्यता मिळाली ती बालवयातील तीव्र अपस्मारासाठी, सांधेदुखीसाठी नव्हे.

सासरे वॉरफरिन घेत असतील, तर दोहोंपैकी कशानेही रक्त अधिक पातळ होऊन रक्तस्राव संभवतो. चक्कर येऊन पडण्याचे भय निराळेच. चालू गोळ्यांची पाकिटे वैद्य व डॉक्टर दोघांनाही दाखवावीत. तोवर बाटली उघडू नये.