‘अचानक’ नावाचा कुठलाही आजार नसतो

आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही मय्यतीला जा. गेलेला माणूस पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असेल आणि हार्ट अटॅकने गेला असेल, तर दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, ‘कल रात तक तो अच्छे थे.’ दुसरे, ‘अल्लाह की मर्ज़ी.’ दुसऱ्या वाक्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही, तो ईमानचा भाग आहे. पहिले वाक्य मात्र बहुतेक वेळा चुकीचे असते. तो माणूस काल रात्री बरा नव्हता. दहा वर्षांपासून बरा नव्हता. आपण फक्त मोजले नव्हते. दुसऱ्या वाक्याच्या आडोशाला हे पहिले वाक्य लपवण्याची आपल्याला जी सवय लागली आहे, तिच्याविरुद्ध हा लेख आहे.

आधी विज्ञान काय म्हणते ते पाहू. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील ९३ लाखांहून अधिक आणि अमेरिकेतील सुमारे सात हजार लोकांची वर्षानुवर्षांची नोंद तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअर झाले, त्यांच्यापैकी ९९ टक्क्यांहून अधिक लोकांमध्ये रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आणि तंबाखू या चारपैकी किमान एक गोष्ट आधीपासूनच आदर्श पातळीच्या बाहेर होती. यात सर्वांत पुढे होता रक्तदाब. कुणी म्हणेल, ‘आदर्श पातळी’ची पट्टीच फार कडक लावली असेल. पण डॉक्टर ज्या पातळीला आजार म्हणतात ती पट्टी लावली, तरी किमान ९० टक्के लोकांत एक तरी घटक सापडलाच. म्हणजे ‘काहीच नव्हते आणि अचानक झाले’ अशी माणसे अगदी मोजकी.

ही गोष्ट तशी नवीनही नाही. केरळमध्ये जन्मलेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्येच दाखवले होते, की पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ साध्या, मोजता येणाऱ्या कारणांत सामावलेला आहे. त्याच अभ्यासातून २००७ मध्ये दक्षिण आशियाची वेगळी आकडेवारी आली. इतर देशांत पहिल्या अटॅकचे सरासरी वय ५८.८ वर्षे होते. आपल्याकडे ते ५३ होते. जवळजवळ सहा वर्षे आधी!

५३ हा नुसता आकडा नाही. ५३ व्या वर्षी मुलीचे लग्न व्हायचे असते, मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात असतो आणि दुकानाचे कर्ज फिटलेले नसते. सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले होते, की मुस्लिम समाजात पगारी नोकरदार कमी आणि स्वतःच्या हिमतीवर कमावणारे जास्त. मालेगाव-भिवंडीचा लूम कामगार, गॅरेजवाला, रिक्षावाला, फळविक्रेता यांना ना पेन्शन, ना भरपगारी रजा. असा माणूस गेला की त्याच्यामागे एक अख्खे घर एका रात्रीत जकातीच्या यादीत जाते. जे कुटुंब काल जकात देत होते, ते आज घेणारे होते.

आता तकदीरचा मुद्दा. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेगची साथ असल्याची खबर आली आणि ते सोबत्यांसह मागे वळले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, ही अल्लाहच्या तकदीरपासून पळवाट नाही का? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. ही रिवायत बुखारीत आहे आणि जुम्म्याच्या बयानात ती आपण अनेकदा ऐकली आहे. पण बयान संपले, की बाहेर येऊन आपण म्हणतो, ‘बीपी वगैरे काही नसते हो, मौत लिहिलेली आहे.’ मौत लिहिलेली आहे हे खरेच. मग रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना का पाहता? दुकानाला कुलूप का लावता? तवक्कुल फक्त गोळीच्या वेळीच आठवतो, याला तवक्कुल म्हणत नाहीत. याला आळस म्हणतात.

दुसरा प्रकार याहून घातक आहे, कारण तो दीनचा वेश घालून येतो. ‘हिजामा करा, ब्लॉकेज निघून जाईल.’ ‘अजवा खजूर खा, बायपास टळेल.’ ‘कलौंजी घ्या, गोळ्या फेकून द्या.’ व्हॉट्सॲपवर असे मेसेज रोज फिरतात आणि त्यांच्याखाली विक्रेत्याचा मोबाइल नंबर असतो. पाठीवर कप लावून हृदयाच्या धमनीतला अडथळा निघतो, याला कुठलाही वैद्यकीय पुरावा नाही. पाठीच्या कातडीतले रक्त वेगळे आणि धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे साचलेली चरबी वेगळी. सुन्नत म्हणून कुणाला हिजामा करायचा असेल तर त्याने जरूर करावा. पण त्यासाठी बीपीची गोळी बंद करायला सांगणारा माणूस सुन्नत शिकवत नाही, तो धंदा करतो.

अजवाचे तर आणखी गमतीचे आहे. विक्रेते ज्या रिवायतीचा आधार घेतात, ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे. हजरत सअद (रजि.) आजारी होते, छातीचा त्रास होता. प्रेषित (स.) त्यांना भेटायला गेले, छातीवर हात ठेवला आणि त्यांचे हृदय आजारी असल्याचे सांगून सकीफ कबिल्यातल्या हारिस बिन कलदा यांच्याकडे जायला सांगितले, कारण ते वैद्य होते. खजुराचा उल्लेख त्यानंतर येतो. या रिवायतीच्या सनदीवर काही मुहद्दिसांनी आक्षेप घेतला आहे, तो वाद जाणकारांनी करावा. माझा प्रश्न एवढाच आहे, की तुम्ही ही रिवायत मानता, तर अर्धीच का मानता? खजूर ठेवला आणि वैद्य गाळला! हृदयाचा रुग्ण आहे म्हणून जाणकार वैद्याकडे पाठवणे, हा तिचा पहिला भाग कुणाच्याच जाहिरातीत का येत नाही? वैद्याकडे पाठवून खजूर विकले जात नाहीत म्हणून?

आणखी एक सवय म्हणजे पूर्वजांचा अभिमान. इब्न अल-नफीस हे नाव आपल्या जलशांत मोठ्या अभिमानाने घेतले जाते आणि ते घ्यायलाही हवे. तेराव्या शतकात कैरोत काम करणाऱ्या या वैद्याने लिहिले, की रक्त हृदयाच्या उजव्या भागातून डाव्या भागात मधल्या पडद्यातल्या छिद्रांतून जात नाही, ते फुप्फुसांतून फिरून जाते. पण त्याचे मोठेपण कशात होते? शेकडो वर्षे प्रमाण मानलेल्या गॅलेनचे मत त्याने शरीररचनेच्या आधारावर खोडून काढले. खुद्द इब्न सिनाच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना त्याने हे केले. ऐकीव गोष्ट तपासून पाहणे हा त्याचा वारसा. आपण त्याचे नाव घेतो आणि तपासल्याशिवाय मेसेज फॉरवर्ड करतो.

हे लिहिताना काही वाचक खूश होतील याची मला कल्पना आहे. ‘बिर्याणी खाणारे, यांना दुसरे काय होणार?’ त्यांनाही सांगतो. वर सांगितलेली कारणे धर्म विचारून येत नाहीत. साजूक तुपातले खाणारे, कांदा-लसूणही न खाणारे लोक याच वयात याच कारणांनी कॅथलॅबमध्ये झोपलेले असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. एवढी माणसे बिर्याणीवर वाढलेली नाहीत. तेव्हा टोमणे बाजूला ठेवा आणि स्वतःचे बीपी मोजा. आणि आपल्या लोकांनीही या टोमण्यांना उत्तर देता देता ताटातले मीठ, रोजचा पाव-खारी आणि खिशातली तंबाखूची पुडी विसरू नये.

उच्च रक्तदाब दुखत नाही, ही खरी अडचण आहे. दाढ दुखली की माणूस रात्री बारा वाजता डॉक्टर शोधतो. रक्तदाब १७० असला तरी तो लूम चालवतो, ट्रक चालवतो, पाच वक्त नमाज पढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार भारतात ज्यांना उच्च रक्तदाब आहे, त्यांच्यापैकी थोड्याच लोकांचा आटोक्यात आहे. बाकीच्यांचे बहाणे पाठ झाले आहेत. ‘गोळी एकदा सुरू झाली की कायमची.’ चष्माही कायमचाच असतो, तो लावताना कुणी तक्रार करत नाही. ‘गोळ्यांनी किडनी जाते.’ उलट, वर्षानुवर्षे चढलेला रक्तदाब किडनी घालवतो. ‘परवडत नाही.’ सरकारी आरोग्य केंद्रात बीपीच्या साध्या गोळ्या मोफत मिळतात आणि जनऔषधी केंद्रात एका कटिंग चहाच्या पैशांत आठवड्याच्या गोळ्या येतात.

मग करायचे काय? उपदेश करून भागेल का? याचे उत्तर लॉस एंजेलिसमधल्या एका प्रयोगाने दिले आहे. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाब फार, आणि दवाखान्यावर विश्वास कमी. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ न्हाव्यांच्या दुकानांत ३१९ गिऱ्हाइके निवडली. काही दुकानांत न्हाव्यांनी फक्त सल्ला दिला, की खाणे-पिणे सुधारा आणि डॉक्टरकडे जा. बाकीच्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बसले, तिथेच रक्तदाब मोजला आणि तिथेच गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांनी पाहिले, तर नुसत्या सल्ल्याने वरचा रक्तदाब ९ अंकांनी उतरला होता आणि दुकानातच औषध मिळाले तिथे २७ अंकांनी. २०१८ चा हा अभ्यास प्रत्येक मशिदीच्या ट्रस्टींनी वाचावा. माणसे जिथे विश्वासाने बसतात, तिथे औषध न्या. आपली माणसे कुठे बसतात, हे सांगायला हवे का?

शेजारच्या आणि मुस्लिम देशांतले दाखलेही आहेत. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांत डॉ. तझीन जाफर यांच्या गटाने सामान्य आरोग्यसेविकांना घरोघरी पाठवले. रक्तदाब मोजायचा, समजावायचे आणि गरज असेल तर डॉक्टरकडे पाठवायचे, एवढेच त्यांचे काम. दोन वर्षांनी त्या वस्त्यांतला रक्तदाब इतर वस्त्यांपेक्षा सरासरी ५ अंकांनी जास्त उतरलेला होता. इराणच्या गोलिस्तान प्रांतातल्या गावांत ६,८३८ लोकांवर प्रयोग झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्ताची गुठळी यांवरची औषधे एकाच स्वस्त गोळीत घालून रोज दिली. पाच वर्षांत हृदयाचे मोठे विकार सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्या गावातल्या लोकांचा तकदीरवर विश्वास नाही का? आहे. ते गोळीही घेतात.

आता मागणी. प्रत्येक जामा मशिदीत बीपीचे एक चांगले यंत्र असावे. दोन-अडीच हजारांचे काम आहे, एसीच्या एका दुरुस्तीत याहून जास्त जातात. महिन्यातल्या एका जुम्म्याला नमाजनंतर तासभर मोहल्ल्यातला एखादा डॉक्टर आणि दोन शिकलेली पोरे बसावीत, वहीत नोंद व्हावी. ज्याचा आकडा पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर येतो, त्याला सरकारी केंद्राच्या रांगेत उभे करेपर्यंत कुणीतरी त्याच्या मागे लागावे. ‘मशिदीत हे कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी सीरत उघडावी. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या सअद बिन मुआज (रजि.) यांच्यासाठी तंबू मस्जिद-ए-नबवीतच ठोकला होता आणि तिथे जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) या महिला होत्या.

महिलांचे नाव निघालेच आहे तर तेही बोलू. आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत बाया येत नाहीत, म्हणजे जुम्म्याचे यंत्र त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. अम्मीला जिना चढताना धाप लागते, जबड्यात कळ येते, घाम फुटतो आणि घरातले म्हणतात ‘गॅस झाला असेल’. तिच्यासाठी ते यंत्र आशाताईंच्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीच्या हाती देऊन घरोघरी जायला हवे. बायकांच्या इज्तेमात वजूचे मसले सांगताना पाच मिनिटे यासाठीही द्यावीत.

शेवटी रमजानबद्दल. लंडनच्या पाच मशिदींतल्या ८५ जणांवर झालेल्या २०२१ च्या अभ्यासात रोज्यांनंतर वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरलेला दिसला. आनंदाची गोष्ट आहे. पण त्यावरून ‘रोजे ठेवा, गोळ्या सोडा’ असा फतवा कुणी काढू नये. रमजानच्या आधी डॉक्टरकडे जाऊन गोळ्यांची वेळ सहरी-इफ्तारला बसवून घ्यावी. आजारी माणसाला रोज्यांतून सवलत अल्लाहनेच दिली आहे, तिच्यापुढे जाऊन आपण जास्त धार्मिक होण्याचे कारण नाही. आणि इफ्तारला भजी-समोशांचा ढीग रचून ते ७ अंक परत मिळवण्याचेही कारण नाही.

शरीर ही अमानत आहे असे आपण मानतो. अमानतीचा हिशेब न ठेवणाऱ्याला आपण व्यवहारात काय म्हणतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. अल्लाहकडे दुआ करतो की, ऐ अल्लाह, आम्हा सर्वांना या अमानतीचा हिशेब ठेवण्याची समज दे आणि आमच्या मुलांवर वेळेआधी यतीम होण्याची पाळी आमच्या निष्काळजीपणामुळे येऊ देऊ नकोस. आमीन.