जुन्या गाडीचा शौक काय फक्त राजेलोकांनीच करायचा?

मंडळी, आज थोडं तिखट लिहितो. राग मानू नका.

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे कुणी कर्जावर पंधरा लाखांची एसयूव्ही आणली की पेढे वाटतात. तेच कुणी त्याच्या दहाव्या हिश्शात जुनी देखणी गाडी घेतली की विचारतात, "काहून भाऊ, भंगार काहून उचललं?" हा प्रश्न मी कित्येक वर्षं ऐकतोय. सोयऱ्यांनीही विचारला, सासुरवाडीनेही.

माझी गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड, 1965 ची, दोन दारांची. सौंसरच्या एका काकांच्या गोठ्याशेजारी संत्र्याच्या क्रेटांमागे उभी होती. पैशांचं बोलण्याआधी काकांनी एकच विचारलं, "चालवशील ना? नुसती पुसून ठेवणार असशील तर राहू दे." त्या अटीवर सौदा झाला.

ही कसली स्पोर्ट्स कार, म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगतो. मद्रासला बनलेल्या या गाडीचं मूळ डिझाइन इटलीच्या मिकेलॉत्तीचं. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीने हेराल्डचीच चासी आखूड करून 1962 साली स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. डिझाइन पुन्हा मिकेलॉत्तीचंच. म्हणजे सख्खी बहीणच झाली की! इंजिन 948 सीसीचं, पण सिल्लेवानीच्या घाटात ती चालवणाऱ्याची परीक्षा घेते. वळणाआधीच वेग उतरवावा लागतो. ऐन वळणात ब्रेक दाबला तर मागचं चाक आत दुमडून गाडी फिरू शकते.

आणि खर्च म्हणाल, तर हिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. मिस्त्री टायरवर बसून अख्खं इंजिन समोर बघतो. ना सेन्सर, ना लॅपटॉप. घ्यायची असेल तर पॉलिशला भुलू नका, जमिनीवर आडवे व्हा आणि चासीचा गंज बघा. इंजिन बांधून मिळतं. सडलेली चासी खिसा रिकामा करते.

पण खरा राग मला नियमांचा आहे. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' ठरते. नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. मात्र रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. साधी नोंदणी ठेवली तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कारसाठी ते 600 रुपयांत व्हायचं. 2022 मध्ये 5,000 झालं आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000. हिशेब करा, दोन्हीकडे वर्षाला दोन हजारच पडतात. सारखेच पैसे भरून एका वाटेवर गाडी घरात कोंडायची!

ज्यांच्याकडे दहा गाड्यांचं गॅरेज आहे, त्यांना हे चालतं. ते रोज दुसरीच गाडी काढतात. आपल्यासारख्याची एकच गाडी. तिच्यातूनच बाजार, तिच्यातूनच जामसावळीचं दर्शन. आणि पद्मिनी, कॉन्टेसा, आरएक्स 100 वाल्यांचं काय? त्यांच्या बहुतेक गाड्या पन्नाशीच्या आतल्या, म्हणून मान नाही. वीसच्या वरच्या, म्हणून दंड मात्र पुरेपूर.

धूर ओकणारी गाडी जरूर थांबवा. तपासणी कडक करा, माझीपासून सुरुवात करा. पण तपासणीत पास होणाऱ्या, वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला वयाचा दंड काहून?

पोळ्याला आपण म्हाताऱ्या बैलालाही झूल घालतो. त्याचं वय काढून त्याला दावणीतून हाकलत नाही. तेव्हा मंडळी, वडिलांची येझदी, आजोबांची फियाट कोठ्यात पडली असेल तर किलोच्या भावाने घालू नका. कागदपत्रं शोधा, नूतनीकरण करा आणि रस्त्यावर काढा. अशा गाड्या रस्त्यावर दिसल्या, तरच नियम करणाऱ्यांना त्यांची आठवण राहील.