चाक, फेंडर आणि ओळंबा

या शतकाच्या आरंभी ज्या मोजक्या लहान गाड्यांनी मराठी तरुणांना वेगाची गोडी लावली, त्यांत फियाट पॅलिओ 1.6 चे स्थान मानाचे आहे. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून पूर्वी प्रीमियर पद्मिनी बाहेर पडे, तेथूनच 2001 पासून पॅलिओ येऊ लागली. तिचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन सुमारे शंभर अश्वशक्ती देई आणि सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत झळकत. या गाड्या आता वीस वर्षांपलीकडे गेल्या आहेत, तरी हौशी माणसे त्या अजूनही शोधून घेतात. खाजगी गाडीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. कागद असे शुद्ध असले की घेणारा निश्चिंत होतो. प्रश्न कागदावर नसतो, तो चाकाशी असतो.

गाडी सपाट जागी उभी करून समोरून पाहावे. एका बाजूचे चाक फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कडेशी समतल दिसते. दुसऱ्या बाजूचे बोटभर आत गेलेले असते. कधी चाक कमानीच्या मध्यावर नसून मागे सरकलेले आढळते. चार-पाच मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत दोष मानू नये. कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीतही तो असू शकतो. पण फरक सेंटीमीटरच्या घरात गेला, तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न उरत नाही. आत झुकलेल्या चाकाचा टायर आतल्या कडेने झिजतो, आणि ही कड उभ्याने पाहणाऱ्याला दिसत नाही. बाहेरून नक्षी ठसठशीत आणि आत तारा उघड्या, अशा टायरवर घरची माणसे बसवून सोलापूर–धुळे महामार्गावर वेगाने जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पावसात अचानक ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढ घेते ती निराळीच.

येथे पहिली चूक होते ती फेंडरलाच प्रमाण मानण्याची. पुढचा फेंडर हा बोल्टांनी बसवलेला पत्रा आहे. त्याची भोके थोडी सैल असतात आणि अपघातानंतर बसवणाऱ्याने बोनेटची फट जुळवण्यासाठी तो सरकवलेलाही असू शकतो. अशा वेळी चाक जागेवर आणि पत्रा हललेला, असा उलटा प्रकार असतो. म्हणून मोजमाप पत्र्यापासून नव्हे, गाडीच्या सांगाड्यापासून घ्यावे लागते. त्याला महाग यंत्र लागतेच असे नाही. गवंडी घराचा पाया आखताना दोन्ही कर्ण दोरीने मोजतो आणि ते सारखे आले तरच काटकोन मान्य करतो. येथेही तेच करायचे. गाडीखाली सांगाड्यावर डाव्या-उजव्या बाजूंना जोडीने येणारे बिंदू निवडावेत, त्यांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात, गाडी बाजूला घ्यावी आणि खुणांचे कर्ण मोजावेत. कर्णांत मोठा फरक आला तर सांगाडाच वाकलेला आहे, आणि असे काम रस्त्याकडेच्या गॅरेजचे नाही. कर्ण जुळले तर जीव भांड्यात पडावा. दोष खाली, चाक धरून ठेवणाऱ्या भागांत आहे. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतरही दोन्ही बाजूंनी मोजावे. ते एका बाजूला कमी भरले, तर चाक मागे सरकले आहे: बहुधा खड्ड्यात आदळून खालचा आर्म वाकला आहे किंवा त्याचे रबरी बुश खलास झाले आहे. महामार्ग सोडून कुंथलगिरीसारख्या ठिकाणी जाताना, उसाच्या ट्रॉल्यांनी पोखरलेल्या आडरस्त्यावर, हे व्हायला एक खड्डा पुरे.

एक कारण मात्र वारंवार नजरेतून सुटते. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामासाठी अनेक गाड्यांत पुढची सबफ्रेम खाली उतरवावी लागते. परत चढवताना बोल्टांच्या भोकांतील मोकळीक एका बाजूला गेली, की सबफ्रेमबरोबर दोन्ही आर्म त्याच दिशेला सरकतात. मग एक चाक जितके आत जाते तितकेच दुसरे बाहेर येते. ही जोडीची खूण ओळखता आली तर उपचार स्वस्त आहे: बोल्ट सैल करून सबफ्रेम मध्यावर आणणे, एवढेच. पण गिऱ्हाईक थेट अलाइनमेंटच्या दुकानात जाते. तेथे पुढच्या चाकांचा टो टाय-रॉडने जुळवून दिला जातो आणि स्टिअरिंग सरळ दिसू लागते. अशा बहुतेक गाड्यांत कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलण्याची सोयच नसते. तो वाकडाच राहतो आणि टायर खातच राहतो. म्हणून चारही चाकांची तपासणी मागावी आणि दुरुस्तीपूर्वीचे छापील आकडे हाती घ्यावेत. मागचा ॲक्सल तिरका असला तर गाडी खेकड्यासारखी आडवी चालते. केवळ पुढची दोन चाके तपासून ते कळत नाही.

काही हौशी मंडळी आत गेलेल्या चाकामागे स्पेसर घालून दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशी व्यवस्था करतात, किंवा टायर घासू नये म्हणून फेंडरची कड ठोकून मुडपतात. ही केवळ रंगसफेदी आहे. स्पेसरने बेअरिंगवर अधिक ताण येतो आणि झिजलेले बुश होते तसेच राहते.

शेवटची गोष्ट गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवावी. नवे बुश बसवताना गाडी जॅकवर असते आणि चाके लोंबकळत असतात. त्याच स्थितीत नट पक्के आवळले, तर गाडी खाली येताच रबर पीळ खाऊन बसते. त्या बाजूची गाडी किंचित उंच राहते, फेंडर आणि चाक यांत पुन्हा फट दिसू लागते आणि काही महिन्यांत नवे बुशही फाटते. नट हाताने बसवून गाडी चारही चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि मगच शेवटचा पाना फिरवावा.