प्रोसेसरची निवड : पटाचा बैल की औताचा?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली आणि जुन्या संगणकांचा प्रश्न असंख्य घरांत व शाळांत एकाच वेळी उभा राहिला. विंडोज ११ साठी कंपनीने घातलेल्या अटींनुसार इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडल्यास, अपात्र ठरतात. भोकरसारख्या तालुक्याच्या गावी याचा अर्थ असा, की दहा वर्षांपूर्वी पोटाला चिमटा घेऊन खरेदी केलेले यंत्र चालू असले तरी ते बदलण्याचा विचार शिक्षकाला, लिपिकाला आणि विद्यार्थ्याला करणे भाग पडत आहे. हा विचार सुरू होताच पहिला प्रश्न पुढे येतो तो हा, की प्रोसेसर इंटेलचा घ्यावा की एएमडीचा? आणि घरात महाविद्यालयात जाणारा मुलगा असला, तर त्या प्रश्नाला एक शेपूट जोडले जाते : कामाबरोबर त्याच यंत्रावर खेळही चालले पाहिजेत.

वरवर पाहता हा दुकानाच्या फळीवर सुटावा असा प्रश्न आहे. तथापि तो तितका क्षुल्लक नाही. पगाराचे काम शालार्थ प्रणालीवर, शाळेची माहिती यूडायसवर, टंकलेखनाची परीक्षा संगणकावर आणि अभियांत्रिकीची सामायिक प्रवेश परीक्षाही २०१९ पासून संगणकावरच, अशी आज स्थिती आहे. तेव्हा घरातील संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुसरीकडे, ज्या भागात बाजारपेठेचे सारे चलनवलन पाऊस आणि सोयाबीनचा भाव यांवर ठरते, त्या भागात यंत्राच्या निवडीतील चूक पाच-सात वर्षे सोसावी लागते. म्हणूनच या निवडीमागील विचार नीट तपासून घेतला पाहिजे.

आमच्या भागातील शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत जनावराची पारख करताना तो प्रथम आपली जमीन आणि आपले काम डोळ्यांपुढे आणतो. शंकरपटात धावणारा बैल आणि काळ्या रानात दिवसभर औत ओढणारा बैल या दोहोंची गुणवत्ता वेगळी असते, हे त्याला शिकवावे लागत नाही. प्रोसेसरमध्येही नेमका हाच भेद आहे. खेळात दर क्षणाला पडद्यावर नवे चित्र उभे करावयाचे असते आणि त्यासाठी लागणारी माहिती हाताशी असावी लागते. ती ठेवणाऱ्या, प्रोसेसरच्या अंगच्याच अतिजलद स्मृतीला कॅशे म्हणतात. याउलट चित्रफितींचे संपादन, त्रिमिती आराखडे अशी जड कामे अनेक तुकड्यांत वाटता येतात. तेथे कोअरची, म्हणजे एकाच वेळी राबणाऱ्या विभागांची, संख्या कामी येते.

दोन्ही कंपन्यांच्या २०२३ सालच्या दोन प्रोसेसरांत हा भेद स्पष्ट दिसतो. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरला कोअर आठच, परंतु कॅशे ९६ मेगाबाइट. इंटेलच्या कोअर आय७-१४७००के याला वीस कोअर, त्यांपैकी आठ जोरकस आणि बारा काटकसरीचे. खेळात पहिला सरस ठरला, तर अनेक कोअर एकदम राबविणाऱ्या जड कामात दुसरा फार पुढे गेला. यांतील श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच मुळात निरर्थक आहे. पटातला बैल औताला जुंपून त्याला नावे ठेवण्यात शहाणपण नाही आणि औताच्या बैलाला पटात उतरवून हळहळण्यातही नाही.

तरीही ग्राहक फसतो तो तुलनेच्या तक्त्यांमुळे. हे तक्ते खोटे नसतात. परंतु ते कसे तयार होतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोन प्रोसेसरांतील फरक उघड व्हावा म्हणून परीक्षक अतिशय महागडे ग्राफिक्स कार्ड लावतात आणि पडद्यावरील चित्राची बारकाई कमी ठेवतात. असे केले म्हणजे सारा ताण प्रोसेसरवर येतो आणि कोण किती पुढे, हे मोजता येते. परीक्षकाच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. मात्र भोकरच्या घरात ग्राफिक्स कार्ड बेताचे असणार आणि पडदाही सेकंदाला साठ किंवा पंचाहत्तर चित्रे दाखविणारा. तेथे खेळ अडतो तो कार्डापाशी. प्रोसेसर बहुतांशी पुढच्या चित्राची वाट पाहत बसतो. तक्त्यात दिसलेला फरक त्या पडद्यावर उमटतच नाही. तक्त्याने उत्तर दिलेले असते ते दुसऱ्याच कोणाच्या प्रश्नाचे, आणि त्याची किंमत मात्र आपण मोजतो.

आपला प्रश्न आपणच मांडण्याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे. प्रगत क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. एकच बलाढ्य प्रोसेसर मिळविण्याच्या मागे न लागता या मंडळींनी ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर निवडले. परस्परांशी जोडून एकत्र काम करता यावे, अशीच त्या प्रोसेसरांची रचना होती. करावयाचे काम तुकड्यांत वाटता येण्याजोगे होते आणि हाती येण्याजोगी साधने ती होती. निवड या दोन गोष्टींवरून झाली. घरगुती संगणकाचा व्याप याच्या शतांशानेही नसेल, परंतु विचाराची पद्धत तीच असावयास हवी.

त्या पद्धतीने पाहू गेल्यास वर सांगितलेली महागडी जोडी सामान्य घराच्या हिशेबातून आपोआप गळते. मध्यम दराच्या यंत्रांत बराच काळ समोरासमोर येत राहिलेली जोडी वेगळीच आहे : इंटेलचा कोअर आय५-१२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६००. दोन्ही २०२२ सालचे, दोहोंना सहा-सहा कोअर, आणि दोहोंचा मूळ वीजवापर ६५ वॅट या मापाचा. एएमडीची कॅशे ३२ मेगाबाइट, इंटेलची १८. मात्र इंटेलच्या पोटातच पडद्यावर चित्र उमटविणारा ग्राफिक्सचा विभाग आहे, एएमडीच्या या प्रोसेसरला तो नाही. म्हणजे रायझन ५ ५६०० घेणाऱ्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्यावाचून पडदा उजळणारच नाही, आणि ते कार्ड उद्या बिघडले तर त्या दिवसापुरते कार्यालयाचे कामही थांबणार.

यावरून आमचे मत असे, की ज्या घरात काम आधी आणि खेळ नंतर आहे, त्या घराने आय५-१२४०० घ्यावा. आज कार्ड न घेता काम सुरू होते, पुढे चार पैसे हाती आले म्हणजे कार्ड बसविता येते, आणि मग खेळातही हे यंत्र फारसे उणे पडत नाही. कार्ड पहिल्याच दिवशी घ्यावयाचे निश्चित असेल, तर रायझन ५ ५६०० चा विचार अवश्य करावा. कार्ड कधीच घ्यावयाचे नाही, पण हलकेसे खेळ खेळावयाचे आहेत, अशा घरासाठी एएमडीचाच ५६००जी आहे. त्याचा अंगचा ग्राफिक्स विभाग इंटेलच्याहून समर्थ आहे, कॅशे मात्र निम्मी. लाल कंधारी ओढकामाला नामांकित आणि देवणी दूध व ओढकाम या दोहोंस उपयोगी, हे ज्या जिल्ह्यांत सर्वांना ठाऊक आहे, तेथे दुहेरी उपयोगाच्या निवडीचे मोल निराळे सांगावयास नको. आणि यातून जे पैसे उरतील ते सोळा गिगाबाइट रॅम, चांगली एसएसडी आणि भरवशाचा वीजपुरवठा संच यांवर खर्च करावेत. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती जगभर भडकल्या, तेव्हापासून तर ही तरतूद आधी करणे अधिकच निकडीचे झाले आहे.

येथे आणखी दोन गोष्टींचा विचार केला पाहिजे. त्या कोणत्याच तक्त्यात सापडत नाहीत. पहिली म्हणजे ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो. प्रोसेसर वापरतो ती सारी वीज अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते, आणि स्वतःचे तापमान नव्वद ते शंभर अंशांवर गेले की तो आपला वेग आपणच कमी करतो. आय७-१४७००के पूर्ण ताणाखाली २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो; पत्र्याखालच्या किंवा धाब्याच्या तापलेल्या खोलीत त्याची ती ताकद कितपत टिकेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. दुसरी गोष्ट वीज. रोज चार तास शंभर वॅट अधिक खर्च झाले, तर वर्षाकाठी १४६ युनिटांचा भार वाढतो. शिवाय वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर अर्ज पुरा भरून होण्याइतका वेळ मिळतो की नाही, हेही याच वॅटांवर अवलंबून असते.

नावांच्या गफलतीबद्दलही सावध राहावयास हवे. कार्यालयांतून काढून टाकलेली यंत्रे साफसूफ करून ‘आय७’ या नावाखाली सर्रास विकली जातात. आय७ हे दर्जाचे नाव झाले. पिढी कळते ती त्यापुढील अंकांवरून. आय७-३७७० हा तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा प्रोसेसर असून बाराव्या पिढीतला साधा आय३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो. शिवाय त्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही ते वेगळेच. शेवटच्या अक्षराचेही तसेच. १२४००एफ यातील ‘एफ’ म्हणजे ग्राफिक्सचा विभाग बंद असलेला प्रोसेसर. नांदेडच्या दुकानात घ्या की सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, पावतीवर प्रोसेसरचे पूर्ण नाव अक्षरासह लिहून घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

कंपनीच्या नावावर विसंबणेही तितकेच धोक्याचे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील अनेक प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीला सुधारणा द्याव्या लागल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. एएमडीचेही काही एक्स३डी प्रोसेसर २०२३ मध्ये मदरबोर्डाकडून मिळालेल्या जादा व्होल्टेजमुळे जळाले आणि त्या व्होल्टेजला मर्यादा घालावी लागली. तात्पर्य, निष्ठा वाहावी असे या दोहोंत कोणीच नाही. पाहावयाची ती हमी, आणि आपल्या गावापासून दुरुस्तीची सोय किती अंतरावर आहे ते.

राहता राहिला खेळाचा प्रश्न. ‘गेम’ हा शब्द कानावर पडताच अनेक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पैसे लावून खेळण्याच्या खेळांनी अनेक घरे बुडविली, हे खरेच आहे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानेच पैशाचे खेळ आणि ई-क्रीडा यांत भेद करून पहिल्यांवर बंदी घातली व दुसऱ्यांना मान्यता दिली. त्यापूर्वी २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ई-क्रीडांना पदकेही ठेवलेली होती. तेव्हा मुलाची मागणी झिडकारण्यापेक्षा त्यालाच हिशेब मांडावयास बसवावे. कोणते खेळ, कोणता पडदा, कोणते कार्ड, किती वीज, आणि घरातील इतरांचे काम कोणत्या वेळी, हे सारे त्याने कागदावर लिहावे. हा हिशेब त्याच्या अभ्यासाइतकाच उपयोगी पडेल.

हीच शिस्त सार्वजनिक खरेदीतही यावयास हवी. शाळेच्या संगणककक्षासाठी मागणीपत्र लिहिताना ‘आय५ किंवा समतुल्य’ एवढेच लिहिले, तर कागदोपत्री सर्व नियम पाळले जाऊनही जुन्या पिढीचा माल शाळेच्या गळ्यात पडू शकतो. पिढी, कोअर, ग्राफिक्सची सोय, रॅम, एसएसडी आणि हमीची वर्षे यांचा स्पष्ट उल्लेख मागणीपत्रात असलाच पाहिजे, आणि तो करण्याची जबाबदारी दुकानदारावर न सोडता मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने स्वतः घेतली पाहिजे. घरातला चुकीचा प्रोसेसर एका कुटुंबाला सतावतो. शाळेतला चुकीचा प्रोसेसर वर्गामागून वर्गांना परीक्षेच्या तयारीपासून वंचित ठेवतो.